माळावरचे ऊन कोणाच्या मालकीचे?



गेल्या खेपेस ह्या सदरात विहिरींच्या पाण्याविषयी लिहिले होते. ह्या खेपेस विजेविषयी लिहावयाचे आहे. विषय राष्ट्राच्या कारभाराचा. तेव्हा आपल्यासारख्या खेड्यातील कुटुंबांस त्याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु हा विषय माझ्याकडे चालून आला तो वर्तमानपत्रातून नव्हे, तर चर्चच्या अंगणातून.

एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर निपाणीकडील एका खेड्यातील वडीलधारे गृहस्थ मला बाजूस घेऊन गेले आणि खिशातून चार घड्या घातलेला एक कागद त्यांनी बाहेर काढला. "मास्तर, हे जरा बघा. आमचा चार एकर माळ आहे. तिथे ऊस होत नाही, तंबाखू होत नाही. पावसाळ्यात गवत तेवढे येते. सूर्याच्या विजेसाठी तो भाड्याने द्या, असे एक कंपनी म्हणते. दर वर्षी पैसे घरपोच. सही करू का नको?"

कागद कानडीत होता आणि मागील बाजूस इंग्रजीत होता. ते गृहस्थ मराठी शाळेत शिकलेले. मी कागद चाळीत असता ते पुन्हा म्हणाले, "आणखी एक आहे. त्या माळावर आमच्या गल्लीतली एक बाई शेरडे चारते. माळ तिचा नव्हे, हे खरे. पण कुंपण पडले म्हणजे तिने जायचे कुठे?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एखादा वकील देऊ शकला असता. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला अंतर्मुख केले. सूर्यप्रकाश हे देवाचे देणे. तो सर्वांच्या अंगणात सारखाच पडतो. परंतु त्या प्रकाशाची वीज झाली की तिला मालक येतो, तारा येतात, कुंपण येते आणि करारही येतो. तेव्हा नव्या विजेचे गुणगान करण्यापूर्वी ती कोणाची असणार, हा प्रश्न आपण घराघरांत विचारला पाहिजे.

आपला बेळगाव जिल्हा ह्या बाबतीत अडाणी नाही. गोकाकजवळ घटप्रभा नदी सुमारे १७० फुटांवरून खाली झेप घेते. त्या धबधब्याच्या बळावर यंत्रे चालविण्याच्या हेतूने १८८५ साली तेथे कापसाच्या गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि १८८७ साली गिरणी सुरू झाली. दगडी कोळसा न जाळता, केवळ पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर शेकडो चात्या फिरू लागल्या. आज ज्याला आपण 'अक्षय ऊर्जा' असे भारदस्त नाव देतो, ती आपल्या जिल्ह्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच कामास लागली होती. परंतु नदी सर्वांची असली तरी तिचे बळ गिरणीच्या मालकीचे होते. काठावरच्या खेड्यांना त्या बळातून मिळाली ती गिरणीतील मजुरी. मजुरी ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. तीवर अनेक कुटुंबांच्या चुली पेटल्या. तथापि कामगार असणे आणि मालक असणे ह्यांतील अंतर आपण विसरता कामा नये.

सह्याद्रीच्या माथ्यावर तर ह्या अंतराचे मोल फार जबर पडले. टाटांच्या खोपोली येथील केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना पाण्यावरची वीज मिळू लागली. मुंबईचा धूर त्या वीजेने कमी केला, हे निःसंशय. परंतु त्याच कामाच्या विस्तारासाठी मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा मावळातील शेतकऱ्यांची भातशेते आणि गावे पाण्याखाली जाणार होती. सेनापती बापट ह्यांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली तेथे सत्याग्रह झाला. सत्याग्रह्यांनी तुरुंगवास भोगला. धरण मात्र उभे राहिले. पुढे १९६० नंतरच्या दशकात कोयना प्रकल्प आला. त्याची क्षमता वाढत वाढत १,९६० मेगावॉटपर्यंत गेली आणि महाराष्ट्राच्या उद्योगांचा तो आधारस्तंभ झाला. तथापि कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली, त्यांच्या पुढील पिढ्यांनाही जमिनीसाठी आणि हक्कांसाठी आंदोलने करावी लागली. वीज स्वच्छ होती. परंतु तिच्यापायी झालेला व्यवहार स्वच्छ होता असे म्हणता येत नाही. ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा आपल्या डोंगरांनी आपल्याला कधीच दिलेला आहे.

आता दुसऱ्या प्रकारचा एक दाखला पाहू, आणि तोही आपल्याच वाटेवरचा. निपाणीहून बेळगावास जाताना महामार्गावर संकेश्वर लागते. तेथून जवळच हुक्केरी. १९६९ साली देशात ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले, तेव्हा प्रयोगादाखल पाच ठिकाणी ग्रामीण वीज सहकारी संस्था काढावयाचे ठरले. त्यांपैकी एक तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील, म्हणजे आजच्या कर्नाटकातील, आपली हुक्केरी. दुसरी अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा. उरलेल्या आंध्र, गुजरात आणि उत्तर प्रदेशात. कल्पना साधी होती. ज्याप्रमाणे दुधाची किंवा पतपेढीची संस्था असते, त्याप्रमाणेच विजेची. गिऱ्हाईक हाच सभासद, आणि सभासद हाच मालक. खांब रोवणे, तारा ओढणे, मीटर वाचणे आणि बिले वसूल करणे ही सर्व कामे संस्थेने करावयाची.

पाचांपैकी सर्वच टिकल्या नाहीत. मुळा-प्रवरेचा परवाना २०११ साली संपुष्टात आला आणि तेथील वीजपुरवठा सरकारी कंपनीकडे गेला. हुक्केरीची संस्था मात्र अर्धशतक उलटून गेल्यावरही तालुक्यात वीज पुरवीत आहे. तिच्या कारभारात सर्व काही निर्दोष आहे असे सांगण्याचा माझा हेतू नाही. जेथे सहकार आला, तेथे निवडणुका, गट आणि रुसवेफुगवे हेही आलेच. परंतु वीज ही केवळ वरून येणारी कृपा नसून खेड्यांना स्वतः चालविता येणारी वस्तू आहे, एवढे तरी त्या संस्थेने सिद्ध केले. तिची उणीव मात्र ध्यानी घेण्याजोगी आहे. संस्थेच्या मालकीच्या आहेत त्या तारा. तारांतून वाहणारी वीज तिला दुसऱ्याकडून विकत घ्यावी लागते. त्या काळी दुसरा उपायही नव्हता. खेड्याने वीज निर्माण करावी तरी कशाने? कोळसा दूरच्या खाणींत आणि धरणे सरकारची.

आज हा उपाय निघाला आहे, आणि नव्या युगाचा खरा अर्थ हाच आहे. सूर्याच्या विजेला खाण लागत नाही, आगगाडी लागत नाही. एक किलोवॉट क्षमतेचे सौर पट्टे बसविण्यास छपराची सुमारे शंभर चौरस फूट जागा पुरते; आणि वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते. एका साध्या कुटुंबाचे दिवे, पंखे आणि दूरदर्शन संच तेवढ्यावर सुखाने चालू शकतात. हुक्केरीने तारांची मालकी खेड्याकडे आणली. आता विजेच्या निर्मितीचीही मालकी घराकडे येऊ शकते. कोयनेचे धरण ज्या पाटण तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील मान्याचीवाडी हे लहानसे गाव २०२४ साली महाराष्ट्रातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. तेथे घरांच्या छपरांवरच वीज तयार होते. एकाच तालुक्याने विजेसाठी गावे बुडालेली पाहिली आणि विजेवर गाव स्वावलंबी झालेलेही पाहिले.

देशाचा विचार केला, तरी ह्या बदलाची निकड ध्यानात येते. भारतातील वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता २०२५ च्या जून महिन्यात कोळसा, तेल व वायू ह्यांखेरीज अन्य साधनांची झाली. हे उद्दिष्ट २०३० सालासाठी ठरविलेले होते. ते पाच वर्षे आधी गाठले. परंतु ह्या आकड्याने कोणी हुरळून जाऊ नये. क्षमता निम्मी म्हणजे वीज निम्मी नव्हे. सूर्य रात्री नसतो, वारा वाटेल तेव्हा पडतो; म्हणून प्रत्यक्ष वापरातील विजेपैकी सुमारे सत्तर टक्के वीज अद्याप कोळशावरच होते. आपल्या राज्यात रायचूरचे औष्णिक केंद्र १९८५ पासून कोळसा जाळीत आले आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही मोठी वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे विजेचे जाळे उर्वरित देशाशी एक झाले. माणसांनी आखलेल्या सीमेवर आपण कितीही वाद घातले, तरी कानडी रायचूर आणि मराठी सोलापूर ह्यांना जोडणाऱ्या त्या तारेतून वाहणारी वीज कोणाची भाषा विचारीत नाही!

कोळसा एकाएकी सोडता येणार नाही, हेही खरे. ज्या देशांनी दोन शतके कोळसा जाळून आपली घरे उजळली, त्यांनी कंदील नुकताच टांगून ठेवलेल्या देशांस उपदेश करावा, ह्यात थोडा विसंवाद आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली सृष्टीच्या रक्षणाविषयी 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढले, त्यात ह्या दोन्ही बाजू आहेत. कोळसा आणि तेल ह्यांची जागा अन्य साधनांनी क्रमाक्रमाने, परंतु विलंब न लावता घेतली पाहिजे, असे ते सांगतात. आणि श्रीमंत राष्ट्रांवर अधिक भार आहे, हेही सांगतात. त्याच परिपत्रकात, काही ठिकाणी लोकांनी सहकारी संस्था काढून अक्षय ऊर्जा निर्माण केली आणि उरलेली वीज विकलीही, असा उल्लेख आहे. तो वाचताना मला हुक्केरीचे स्मरण झाले. स्वतः व्हॅटिकननेही २००८ साली आपल्या सभागृहाच्या छपरावर सुमारे २,४०० सौर पट्टे बसविले. आपले छप्पर आधी, उपदेश मागाहून, असा हा क्रम चांगलाच म्हणावयाचा.

आता घरगुती हिशेब. केंद्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत 'सूर्यघर' योजना काढली. तीत एक किलोवॉटास ३०,००० रुपये, दोन किलोवॉटांस ६०,००० आणि तीन वा अधिक किलोवॉटांस ७८,००० रुपये साहाय्य ठरविले. सरकारी हिशेबाने तीन किलोवॉटांची किंमत १,४५,००० रुपये धरली, तर ६७,००० रुपये घरचे घालावे लागतात. दिवसा जास्त झालेली वीज तारेतून बाहेर जाते, रात्री तारेतून घरात येते, आणि मीटर दोहोंची नोंद ठेवतो.

परंतु तीन गोष्टी विक्रेते बहुधा पुढे करीत नाहीत. त्या येथे सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, तारेशी जोडलेल्या साध्या सौर संचास बॅटरी नसेल, तर गावची वीज गेली म्हणजे आपलीही जाते. मग भर दुपारी ऊन का असेना! तारेवर काम करणाऱ्या माणसास धक्का बसू नये म्हणून ती व्यवस्था मुद्दाम केलेली असते. दुसरी अशी की, खानापूर आणि चंदगडच्या पावसात हे पट्टे आषाढ-श्रावणात फार थोडी वीज देतात. वर्षाची सरासरी धरूनच हिशेब करावा. तिसरी अशी की, कर्नाटकात २०२३ पासून 'गृहज्योती' योजनेखाली २०० युनिटांपर्यंत घरगुती वीज मोफत देण्यात येऊ लागली. ज्या घरास शून्याचे बिल येते, त्याने कर्ज काढून पट्टे बसविण्याची घाई का करावी, हा प्रश्न रास्तच आहे. सीमेपलीकडील कागल-गडहिंग्लजच्या कुटुंबाचा हिशेब मात्र निराळा होईल. शेजाऱ्याने केले म्हणून आपण करू नये. आपले वर्षभराचे कागद समोर ठेवून पाहावे.

शेतीच्या विजेची गोष्ट अधिक जिव्हाळ्याची. उसाला पाणी पाजण्यासाठी मध्यरात्री बॅटरी हातात घेऊन बांधावरून जाणे, हे आपल्या किती तरी घरांच्या परिचयाचे आहे. साप, विंचू, ओली तार. आणि घरी जागी असलेली बायको. शेतीच्या वाहिनीस जवळच्या सौर केंद्रातून दिवसा वीज द्यावी, अशी तरतूद २०१९ च्या 'कुसुम' योजनेत आहे. माझ्या मते, सूर्याच्या विजेचे सर्वांत मोठे दान पैशाचे नसून हे आहे, की शेतकऱ्याला रात्रीची झोप मिळावी. ज्या गावाजवळ उपकेंद्र आहे, त्या गावाने आपल्या वाहिनीविषयी हेस्कॉमकडे विचारणा करावयास काही हरकत नाही.

उसावरून आठवले. उसाच्या वजनापैकी सुमारे तीस टक्के चिपाड निघते. आपल्या भागातील साखर कारखाने ते जाळून वाफ आणि वीज करतात; आपली गरज भागवून उरलेली विकतात. चिपाड आपल्याच उसाचे असते. तेव्हा कारखान्याचा सभासद असलेल्या शेतकऱ्याने वार्षिक सभेत साखरेच्या भावाबरोबर विजेच्या उत्पन्नाचीही चौकशी केली, तर ते उद्धटपणाचे ठरू नये. मालकाने आपल्या घरचा हिशेब विचारावयाचा असतो.

आता त्या गृहस्थांच्या माळाकडे येऊ. आपल्याच राज्यात तुमकूर जिल्ह्यातील पावगड तालुक्यात २,०५० मेगावॉटांचे सौर उद्यान उभे आहे. त्याचा पहिला टप्पा २०१८ साली सुरू झाला. सुमारे १३,००० एकर दुष्काळी जमीन त्यासाठी घेतली. परंतु ती विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली. आरंभीचे भाडे एकरी, वर्षाला २१,००० रुपये. मुळशी आणि कोयना ह्यांच्या तुलनेने हे पाऊल निश्चितच पुढचे आहे. जमिनीचे नाव शेतकऱ्याच्याच उताऱ्यावर राहिले. ज्या कोरड्या रानात पीक हाती येईल की नाही ह्याची शाश्वती नव्हती, तेथे ठरलेली रक्कम येऊ लागली. परंतु भाडे मिळाले ते जमीनवाल्यास. जो भूमिहीन त्या रानात भांगलणीस जाई, जो धनगर तेथे मेंढरे चारी, त्याच्या नावाचा उताराच नव्हता. म्हणून त्याच्या नावाचे भाडेही नव्हते. काम गेले, चराई गेली, आणि कोणत्याही करारात त्याचा उल्लेख नाही. मुळशीत गाव बुडाले, ते सर्वांना दिसले. येथे कोणाचे घर बुडत नाही. केवळ एक वाट बंद होते, आणि ती ज्याची होती त्याच्यावाचून ते कोणाला दिसत नाही.

म्हणून त्या गृहस्थांना मी जे सांगितले, ते येथे सर्वांसाठी लिहितो. आपल्याला न वाचता येणाऱ्या कागदावर सही करू नये. कानडी शाळेत जाणारी नात घरात असेल, तर तिच्याकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा. त्यानंतर वकिलासही दाखवावा. भाडे किती वर्षांचे, दर किती वर्षांनी वाढणार, कंपनी मध्येच निघून गेली तर पोलादी खांब आणि पाया कोणी काढावयाचे, विहिरीवर आणि वाटेवर हक्क कोणाचा, हे स्पष्ट लिहून घ्यावे. पट्टे धुण्यास पाणी लागते. ते कोठून येणार हेही विचारावे. सर्वच माळ एकदम देऊ नये. पट्टे थोडे उंच बसविले, तर खालच्या गवतावर शेरडे-मेंढरे चरू शकतात. काही देशांत मेंढपाळांना त्यासाठी मुद्दाम बोलावितात. तशी अट आपणही मागावी. कुंपणाच्या आत राखणीचे किंवा पट्टे पुसण्याचे काम निघाल्यास ते गावातील भूमिहीन घरास प्रथम द्यावे, अशीही अट घालता येते. न मागितलेली अट करारात आपण होऊन येत नाही.

आणि शेवटी, दहावीस कुटुंबांनी एकत्र येऊन आपल्याच माळावर आपलेच लहान केंद्र काढता येईल काय, ह्याचाही विचार करावा. हे सोपे नाही. भांडवल लागेल, परवाने लागतील, जाणता हिशेबनीस लागेल. परंतु ज्या लोकांनी दूधसंस्था, सोसायट्या आणि कारखाने चालवून दाखविले, त्यांना हे सर्वथा अशक्य आहे असे मी म्हणणार नाही.

परवा ते गृहस्थ पुन्हा भेटले. सही अजून केलेली नाही, असे म्हणाले. नातीने कागद सर्वांसमोर वाचून दाखविला, तेव्हा त्यांनी त्या शेरडेवाल्या बाईसही ओसरीवर बोलावून बसविले होते. तिने सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मामा, ओढ्याकडची वाट तरी मोकळी ठेवाल न्हवं?" तेव्हा त्यांनी पेन्सिल घेऊन कागदाच्या समासात ओढ्याची ती वाट रेखून ठेवली. आता कंपनीच्या माणसापुढे ती रेघ आधी ठेवावयाची आणि मग भाड्याचे बोलावयाचे, असा त्यांचा बेत आहे.